बायजाक्काचं अकरावं प्रकरण

परवा पुण्याहून एका बाईंचा फोन आला. प्राध्यापक आहेत म्हणे. रद्दीच्या दुकानात त्यांना माझ्या मामाच्या सात रहस्यकथा सापडल्या आणि त्या हरखून गेल्या. पासष्ट वर्षांची हेर बाई, नववारी नेसलेली, एकटी जगभर फिरणारी, आणि लिहिणारा कोण, तर महाळुंगे पडवळचा प्राथमिक शिक्षक. "तुमचे मामा काळाच्या फार पुढं होते," बाई म्हणाल्या. चर्चासत्र ठेवलंय, तुम्ही येऊन चार आठवणी सांगा. मी फोन कानापासून लांब धरला आणि पोटभर हसून घेतलं. त्यांना हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. तिथं व्यासपीठावर जे सांगता येणार नाही ते इथं लिहून ठेवते.

ती पुस्तकं मी एकूण एक वाचली आहेत, नव्हे, लिहिली आहेत. म्हणजे मामा सांगायचा आणि मी लिहून घ्यायचे. आईवडील खोडदला होते. रेडिओ दुर्बिणीच्या त्या थाळ्या तिथं उभ्या राहण्याच्या आधीचं खोडद, तिथून कॉलेजला रोज जाणं-येणं शक्य नव्हतं, म्हणून अकरावीला मला मामाकडं ठेवलं. मंचरहून दुपारच्या गाडीनं परत आले, की मामा पडवीत येरझाऱ्या घालायला लागायचा. लेखकानं लिहायचं नसतं, सांगायचं असतं, असं त्याचं मत. त्याला गाव गुरुजी म्हणायचं, आणि स्वतःच्या घरातसुद्धा तो वर्गात असल्यासारखाच बोलायचा. समोरच्या गिरणीच्या इंजिनाचं पुकपुक चालू असायचं, त्यावर आवाज चढवून तो ओरडायचा, "लिही. बायजाक्काने हेलिकॉप्टरमधून उडी टाकली." मी लिहायचे. नववारी नेसून पासष्ट वर्षांच्या बाईनं उडी टाकली तर खालच्या लोकांना काय दिसेल, हा प्रश्न मी एकदाच विचारला. त्यानं मला शब्दांचे अर्थ पाठ करायला लावले.

काय त्या कथा होत्या. बायजाक्काच्या चंचीत पान-सुपारीच्या खाली पिस्तूल. अडकित्त्यानं ती तीन-तीन माणसं लोळवायची. सात भाषा बोलायची. बर्फात अठरा तास दबा धरून बसायची आणि तिला एकदाही लघवीला लागायचं नाही. गुडघा दुखणं, दात हलणं, चष्मा हरवणं यातलं काहीही तिच्या वाट्याला आलं नाही, आणि सात पुस्तकांत मिळून तिनं एकदाही चूल पेटवली नाही. मामाकडं शाळेतला जुना नकाशासंग्रह होता, त्यातली काही पानं उंदरांनी खाल्लेली. त्यामुळं एका पुस्तकात बर्लिनच्या बंदरात पाणबुडी आली. कुणाची तक्रार आली नाही. वाचणारे कोण, तर सलूनमध्ये दाढीचा नंबर लागेपर्यंत बाकावर बसलेले पुरुष. "काय बाई हाय राव," म्हणून माना डोलवायचे, आणि घरी जाऊन सत्तरीच्या आईला म्हणायचे, तुला काय कळतंय, गप बस. हल्ली माझी नात मोबाईलवर तसल्याच मालिका बघते. पांढऱ्या केसांची बाई भिंतीवरून उड्या मारते. त्याही बाईचे गुडघे शाबूत.

यातली खरी चोरी कुणाच्या लक्षात आली नाही. बायजाक्काला जी काही अक्कल होती ती माझ्या मामीची होती. मामी तेव्हा पंचेचाळीसच्या पुढं गेलेली, जाड, डाव्या पायानं फेंगडी, अक्षरशत्रू. सकाळी अंगण सारवलं की दुपारी त्यावरच्या पावलांवरून ती सांगायची, कोण आलं होतं आणि किती वेळ घुटमळलं. चहा देताना माणूस बशी कुठल्या हातात धरतो त्यावरून खोटं ओळखायची. नको ते बोलणं चाललं की बहिरी व्हायची, आणि मग लोक तिच्यासमोर मन मोकळं करून बोलायचे. मामा हे सगळं बघायचा, चार दिवसांनी तेच बायजाक्का इस्तंबूलमध्ये करायची. मामीचं नाव त्यानं कुठं घेतलं नाही. अर्पणपत्रिका होती ती जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्याला.

मी कधी कधी स्वयंपाकघरात मामीला पानं वाचून दाखवायचे. मासवडीसाठी बेसन हाटताना ती ऐकायची. पिठाला चटका बसू नये म्हणून तिचा हात थांबायचा नाही, सारणातल्या तीळ-खोबऱ्याच्या वासानं मला धड वाचवायचं नाही. सगळं ऐकून झालं की मामी म्हणायची, "हिला घर न्हाई का दार न्हाई. कोण जेवाय घालतं हिला?" एवढी एकच समीक्षा. त्या प्राध्यापक बाईंनी तीनशे पानं लिहिली तरी त्यांत याहून जास्त काही असेल असं मला वाटत नाही.

आता इंदूचं सांगते. आमच्या शेजारची, माझ्याच वयाची. बाप गेलेला, आई चुलत्याच्या शब्दाबाहेर नाही. चुलता म्हणजे दगडूतात्या. दहावीला इंदूला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते आणि तिला नर्स व्हायचं होतं. दगडूतात्यानं तिला येडगावच्या एका बिजवराला ठरवली. धरणाच्या पाण्यावर भिजणारी जमीन, वय चाळिशीच्या पुढं, पदरात दोन पोरं. सुपारी फुटली. इंदू आमच्या मागच्या दारी येऊन मामीजवळ बसली आणि म्हणाली, "मामी, मी हिरीत उडी टाकीन." मामीनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "हिरीला पाणी न्हाई औंदा. दिवाळीपतुर दम धर."

आमच्या भागात बाजरी निघाली की शेतात मेंढरं बसवतात. धनगरांचा वाडा, म्हणजे दोन-तीनशे मेंढरं, एक-दोन घोडी आणि सगळा बिऱ्हाडबाजार, चार-सहा दिवस रानात मुक्काम करतो. शेताला खत होतं, त्यांना धान्य मिळतं. दिवाळी झाली की हे लोक माळशेज उतरून कोकणात जातात. धोंडाबाई नावाची एक धनगरीण दरवर्षी मामाच्या शेतात उतरायची, तिचं आणि मामीचं चांगलं गूळपीठ होतं. मामीची बहीण घाटाखाली मुरबाडला दवाखान्यात आया होती. एसटीनं जायची सोय नव्हती, कारण निम्मे कंडक्टर दगडूतात्याच्या ओळखीचे. मामीनं इंदूला धोंडाबाईच्या वाड्याबरोबर चालत काढली. धोंडाबाईचं लुगडं, डोक्यावर कोंबड्यांची पाटी, घोडीच्या मागं. दगडूतात्या स्वतः रस्त्याच्या कडेला उभा होता. धुळीनं त्रासून त्यानं तोंडाला उपरणं लावलं आणि बाजूला सरकून वाड्याला वाट दिली. इंदू त्याच्यापासून चार हातांवरून गेली. "धनगराच्या बाईच्या तोंडाकडं कोण बघतंय," मामी मला म्हणाली. हे माहीत असलेली माणसं चार, मामी, मी, धोंडाबाई आणि मामीची बहीण. मामाला सांगायचं नाही हे मामीनं मला बजावलं नव्हतं. तेवढी अक्कल मला असेल असं तिनं धरलं होतं.

थंडीत मामा अडला. अकराव्या प्रकरणात बायजाक्काला एक शास्त्रज्ञ मुलगी शत्रूच्या शहरातून बाहेर काढायची होती. सगळे रस्ते बंद, विमानतळावर पहारा. आठ दिवस मामा पडवीत फेऱ्या मारत होता आणि सगळ्यांवर खेकसत होता. त्याची फजिती बघून मला मजा येत होती. मला वाटायचं, या माणसाच्या डोक्यात भुसा आहे, याच्याहून मी कितीतरी बरं लिहीन. हे दाखवून द्यायचा मोह मला झाला, दुसरं काही कारण नाही. नवव्या दिवशी मी म्हणाले, "मामा, तिला मेंढपाळांबरोबर चालत काढली तर?"

तो थांबला. "पुढं बोल," म्हणाला. आजवर त्यानं मला कधी पुढं बोल म्हटलं नव्हतं. मी बोलत गेले. डोक्यावर कोंबड्यांची पाटी सांगितली, रस्त्याच्या कडेला उभा राहून वाट देणारा शत्रू सांगितला, धोंडाबाईचा एक कान तुटलेला कुत्रा सांगितला, मुलीच्या हनुवटीवर इंदूसारखीच लहानपणीची खोक असते तेही सांगितलं. घाटाखाली दवाखान्यात आया असलेली बहीणसुद्धा मी सोडली नाही. कुठंतरी थांबायला हवं हे मला कळत होतं आणि मी थांबले नाही. मामानं सगळं जसंच्या तसं नेपाळच्या सरहद्दीवर नेऊन ठेवलं. मग माझ्याच अक्षरात मी त्याची स्वच्छ प्रत केली, आणि टपालात टाकायला मीच गेले.

शिमग्याच्या सुमाराला पुस्तक आलं. त्यानंतर एका दुपारी मामा सलूनमधून फुलून घरी आला. मामी शेंगोळीचं पीठ मळत होती, मी लसूण सोलत होते. "दगडूनं मला रस्त्यात गाठलं," मामा म्हणाला. "अकरावं प्रकरण दोनदा वाचलंय त्यानं. हे तुम्हाला कुणी सांगितलं, असं विचारत होता. मी म्हणालो, सांगेल कोण? प्रतिभा म्हणतात याला."

मामीचे हात पिठात थांबले. "आनखी काय इचारलं?"

"घाटाखालचा दवाखाना कुठला म्हणाला. मी म्हणालो, ते वाचकानं कल्पनेनं जाणावं. मग म्हणतो, तुमची मेव्हणी मुरबाडला असते ना. म्हटलं, असते की." मामा पितळी तांब्यातून पाणी प्याला आणि समाधानानं बाहेर गेला. आपल्याला एक जाणता वाचक भेटला असं त्याला वाटत होतं. त्या क्षणी मला त्याची जेवढी किळस आली तेवढी कुणाचीच आली नसेल. माझी स्वतःची येईपर्यंत अजून पाच मिनिटं होती.

मामी म्हणाली, "ते अकरावं वाच." मी वाचलं. कुत्र्याच्या तुटक्या कानापाशी तिनं हात वर केला. "बास." पुन्हा पीठ मळायला लागली. शेंगोळी वळून उकळत्या पाण्यात सोडून झाल्यावर म्हणाली, "सकाळच्या गाडीनं जायचं. तुला पाट्या वाचता येत्यात, तू चल." कुणी सांगितलं, असं तिनं मला विचारलं नाही.

मामाला बहीण आजारी असल्याचं सांगून आम्ही निघालो. नारायणगावला कल्याणच्या गाडीत बसलो, आणि गाडी हलता हलता दगडूतात्या चढला. खिशातून पुस्तक डोकावत होतं. आमच्या शेजारच्या बाकावर बसला आणि मामीकडं बघून हसला. इंदू स्वतः माझ्या शेजारी बसलेली असती तरी मी एवढी घाबरले नसते. इंदूचा अर्ज गेलेला होता, जूनमध्ये तिचं ट्रेनिंग सुरू व्हायचं होतं. दगडूतात्या एकदा मुरबाडला पोचला असता, तर पुढच्या आठवड्यात ती येडगावला मांडवात उभी राहिली असती.

"वैनी, कुटं निघालात?" त्यानं विचारलं.

"बहिणीकडं. बरं न्हाई तिला. तुमी?"

"मीबी तिकडंच." त्यानं पुस्तक काढून मांडीवर आपटलं. गाडीत आमच्या आणि आजूबाजूच्या गावांचे पंधरा-वीस ओळखीचे लोक होते, सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "गुरुजींनी लिवलंय सगळं. आमची इंदी कशी गेली, कुणी नेली. अकरावं काढा."

मामीनं पदर सारखा केला. मग ती हसली. तिला एवढ्या मोठ्यांदा हसताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. "अवो तात्या," ती म्हणाली, "आमच्या ह्यांचं पुस्तक वाचून तुमी पोरगी हुडकाय निघालाव? आमचे हे. ज्यांना सवताच्या घरात मीठ कुठल्या डब्यात असतं ते तीस वर्सांत ठावं न्हाई. त्यांना तुमची इंदी ठावं?"

कुणीतरी फिसकन हसलं. मामी थांबली नाही. मामा पुण्या-मुरबाडच्या पलीकडं कधी गेलेला नाही, हे तिनं सांगितलं. एकदा या पुढच्या माळशेज घाटात त्याला गाडी लागली आणि त्यानं कंडक्टरच्या टोपीत उलटी केली, हे सांगितलं. नववारी किती वार असते ते विचारायला तो तिच्याकडं आला होता, तेही सांगितलं. मग कंडक्टरला म्हणाली, "भाऊ, तुमाला वाचाय येतं न्हवं? काढा कुठलंबी पान." कंडक्टरनं दगडूतात्याच्या मांडीवरून पुस्तक उचललं आणि मधलंच पान मोठ्यांदा वाचलं. बायजाक्का पिसाळलेल्या वाघाच्या कानात काहीतरी बोलते आणि वाघ खाली बसतो, असं ते पान होतं. गाडी हसून लोटपोट झाली. मागच्या बाकावरचा एक म्हातारा म्हणाला, "तात्या, येताना वाघबी घेऊन या."

दगडूतात्याचं तोंड उतरलं, पण तो उठला नाही. तेव्हा मामी जरा त्याच्याकडं वळली आणि अगदी घरातल्यासारखं म्हणाली, "चला की पर आमच्यासंगं. बहिणीचं घर बघा, मासवड्या करते, जेवून जावा. एवढं पैसं घालून आलाव तर रिकाम्या पोटी कशाला जाताय?"

पोरगी दडवून ठेवलेली बाई जेवायला बोलावणार नाही, एवढा हिशेब त्याला करता येत होता. ओतूरला गाडी थांबली तेव्हा तो उठला. "इथं जरा काम हाय," म्हणाला आणि उतरला. मागून पुन्हा हशा झाला. पुस्तक कंडक्टरकडंच राहिलं.

गाडी मढच्या पुढं गेली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मामी रडते आहे. पदर तोंडात धरून, खिडकीकडं तोंड करून. मला वाटलं सुटका झाली म्हणून रडत असेल. मी हात धरायला गेले तर तिनं तो काढून घेतला. मुरबाडला पोचल्यावर तिनं इंदूला त्याच दुपारी बहिणीच्या ओळखीनं कल्याणला हलवलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही परत आलो.

गोष्ट आमच्या आधी गावात पोचली होती. सलूनमध्ये, गिरणीत, दूध घालायला आलेल्या लोकांत, सगळीकडं मीठ आणि वाघ चालू होतं. पोरं शाळेत मामाच्या पाठीमागं डरकाळ्या फोडत होती. आम्ही घरी आलो तेव्हा ऊन कलत होतं आणि मामा पडवीत बसलेला होता. मामीनं पाय धुतले. तो उठून सरळ स्वयंपाकघरात गेला. एक डबा उघडल्याचा आवाज आला, मग दुसरा, मग तिसरा. झाकणं लागत होती, पुन्हा निघत होती. आम्ही दोघी पायरीवर बसून ऐकत होतो. एक डबा खाली पडला आणि डाळ पसरल्याचा आवाज आला. मग तो नुसताच आत उभा राहिला असावा.

मामी माझ्याकडं न बघता हळू म्हणाली, "चारचौघांत नागवं केलं मी माज्या मानसाला. हे तुज्या वाट्याचं व्हतं, सुमे. ध्यानात ठिव." आणि डाळ भरायला उठून आत गेली.

मामानं त्यानंतर एक ओळ लिहिली नाही. डोळ्यांना त्रास होतो असं सांगायचा. बारावी होऊन जूनमध्ये मी तिथून निघायच्या आधी त्यानं मला एकदा पडवीत थांबवलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "सुमन, ते मेंढपाळांचं तू सांगितलंस. ते कुठं घडलं होतं का गं? का माझंच सगळं हास्यास्पद?" हे मी सुचवलं होतं असं त्यानं दगडूतात्याला सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नाही, मरेपर्यंत. मी म्हणाले, "नाही मामा, मी मनानं रचलं होतं." तेव्हा इंदूसाठी खोटं बोलणं भाग होतं. पण दोन वर्षांनी ती नर्स झाली, पुढं तिचं लग्न झालं, दगडूतात्या वारला, आणि मामा त्याच्याही नंतर वीस वर्षं जगला. दर दिवाळीला मी त्याच्या पाया पडायचे. एका वाक्याचं काम होतं. तुझ्या सात पुस्तकांत एकच प्रकरण खरं होतं मामा, आणि ते हसण्यासारखं नव्हतं, एवढंच. ते मी बोलले नाही, कारण त्याच्या मागून लगेच तो विचारणार होता, मग तू मला ते का सांगितलंस. मी त्याला आयुष्यभर बिनडोक म्हणत आले. आत्तासुद्धा वर चार पानं तेच केलं. सोपं पडतं.

त्याच्या दहाव्याला इंदू आली होती. सरकारी नोकरीतून निवृत्त व्हायला आलेली, केस पांढरे, हनुवटीवरची खोक अजून तशीच. मामी त्याआधीच गेली होती. पंगतीत मी वाढत होते. इंदूनं मला जवळ बोलावलं, मामाच्या फोटोकडं मान केली आणि हसत हसत म्हणाली, "गुरुजींनी त्या पुस्तकापायी मला धरूनच दिली असती गं."

मी तिच्या पानात भात वाढला आणि म्हणाले, "हो ना."